बायकांची वेळ

चौकातून डावीकडे वळताना मी गाडी दुसऱ्या गिअरवर आणली, इंडिकेटर दिला, आरशात बघितलं. म्हणजे सगळं शहाण्यासारखं केलं. मग समोर बघितलं आणि ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. दोष माझा नव्हता. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दर्शनी भिंतीवर, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत, डबल बेडच्या चादरीएवढा फलक लटकत होता. त्यावर फुलांच्या चौकटीत एक फोटो आणि फोटोखाली ही अक्षरं:

‘आमचा भाऊ आता आमची बहीण! हार्दिक अभिनंदन! नवीन बॅच सोमवारपासून. सवलत चालू.’

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, म्हणून आज मी हे सांगायला जिवंत आहे. शेजारी बसलेल्या बाईने तो दाबला आणि गाडी विजेच्या खांबाच्या अलीकडे थांबली. ही बाई म्हणजेच फोटोतली बहीण. तिने काचेतून फलक वाचला. मग परत वाचला.

“सवलत कसली?” ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. तिचे कान लाल झालेले मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होते.

आता हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगते. मी बायकांचे कपडे शिवते. माझं दुकान आणि हे ड्रायव्हिंग स्कूल एकाच इमारतीत, भिंतीला भिंत लावून आहे, आणि भिंत इतकी पातळ की पलीकडे कुणी गिअर बदलायची नुसती गोष्ट केली तरी माझ्या मशीनचा दोरा तुटतो. स्कूल त्या दोघांच्या वडिलांनी काढलं. ते गेल्यावर थोरली आणि धाकटा, दोघं मिळून चालवायला लागली. थोरलीला सगळा रस्ता ताई म्हणतो. ती ऑफिस सांभाळते, म्हणजे फोनवर ओरडते. धाकट्याला सगळा रस्ता भाऊ म्हणायचा. शिकवायचा तो. इतका शांत माणूस मी पाहिला नाही. रिव्हर्स घेताना मी पोस्टाची पेटी आडवी केली तर म्हणाला, “छान. आता ती तुमच्या लक्षात राहील.”

तर एके दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता चाळीशी ओलांडलेल्या या भावाने ताईला सांगितलं की मी भाऊ नाही. कधीच नव्हते. मी बहीण आहे, आणि आता तशीच राहणार आहे. डॉक्टरांशी बोलून झालंय, औषधं सुरू आहेत, नाव ठरलंय, तुला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

भिंत पातळ, त्यामुळे मीही मशीन थांबवून बसले होते.

ताई रडली. दुसऱ्या दिवशी पण रडली. तिसऱ्या दिवशी मला वाटलं आता पूर येणार, तर अचानक तिचा आवाज आला, “म्हणजे माझं ते हिरवं जाकीट, जे चोरीला गेलं म्हणून मी मोलकरणीला बोल लावला, ते तू नेलंस?”

“हो.”

“कधीचं ते! मी कॉलेजात होते!”

“फार छान बसायचं ताई.”

“खांद्यात उसवलं असणार. तुझे खांदे बघ.” मग ताईचं नाक शिंकरणं. “मेल्या, मागितलं असतंस तर दिलं नसतं का?”

“मेले,” धाकटी म्हणाली.

“काय?”

“मेल्या नाही. मेले म्हण.”

“मेले,” ताई म्हणाली, आणि दोघी एकदम हसायला लागल्या. मी इकडे बाही उलटी जोडून ठेवली होती, ती उसवायला घेतली.

हसणं सोपं, बोलणं अवघड. आपल्या भाषेत माणूस नुसतं ‘आला’ म्हणायला जातो तरी कोण ते आधी ठरवावं लागतं. ताई दिवसातून दहादा घसरायची. “भाऊ आला का? आली का? म्हणजे, धाकटा... धाकटी कुठे गेला?” आमच्या मागच्या गॅरेजवाल्याने तर यावर स्वतःची युक्ती काढली. हा माणूस तोंडाने फाटका, पण स्कूलच्या दोन्ही गाड्या त्याच्याच जिवावर चालतात. चूक व्हायला नको म्हणून तो तिला ‘ते’ म्हणायला लागला. “ते आलंय का? त्याला सांगा, क्लच प्लेट बदलली.”

धाकटीने एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ती गाडीखाली वाकली, जिथे फक्त त्याचे पाय दिसत होते, आणि म्हणाली, “मी काय टेबल आहे?”

पाय थांबले. “मग काय म्हणू?”

“ती म्हण.”

“ती तर मी गाडीला म्हणतो.”

“म्हण की मग.”

“गाडीला मी शिव्याही देतो.”

“तू मला वीस वर्षं देतोयस.”

“हां,” गाडीखालून आवाज आला. “मग तसं काही बदलत नाही.” आणि तो पाना मागायला लागला.

शेवटी ताईनेच नियम काढला. जो कोणी ‘तो’ म्हणेल किंवा ‘भाऊ’ म्हणेल, त्याने गाडी धुवायची. आतून बाहेरून, पायाखालच्या गालिच्यांसकट. पहिल्या आठवड्यात गाड्या इतक्या चकचकीत झाल्या की शिकाऊ लोक आरशाऐवजी दारात बघून केस नीट करायला लागले. सगळ्यात जास्त वेळा गाडी ताईनेच धुतली. मग धाकटीला काय हाक मारायची हा प्रश्न. कुणीतरी म्हणालं, धाकट्या ताई म्हणू. यावर ताई उसळली. “ताई एकच. ती मी.” मावशी म्हणायला धाकटी स्वतः तयार नाही, म्हणाली, एवढी घाई मला नाही. शेवटी ताई म्हणते तेच सगळ्यांनी उचललं: धाकटी.

इथवर ठीक होतं. पण ताईचं एक आहे, तिला अर्ध्यावर थांबता येत नाही. आमटीत मीठ कमी म्हटलं की मूठ घालणारी बाई ती. काही शिकाऊ मंडळी गळाली, एका आईने मुलीला स्कूलमधून काढून घेतलं, समोरचा बूटवाला दुकानात बसून गिऱ्हाइकांना खाणाखुणा करायचा. हे सगळं बघून ताईच्या मनाने घेतलं की आपण बहिणीच्या पाठीशी उभं राहायचं. आणि ताई पाठीशी उभी राहते ती पुढे येऊन.

म्हणून तो फलक.

मी गाडी कशीबशी लावली. धाकटी उतरली, खुर्ची ओढली, खुर्चीवर चढली आणि फलकाची एक बाजू सोडली. फलक खाली येऊन उभ्या राहिलेल्या ताईच्या डोक्यावर पडला.

“काय झालं?” फलकाच्या आतून ताई म्हणाली. “स्पेलिंग चुकलंय का?”

“ताई, मी निवडणुकीला उभी नाहीये!”

“लोक तसेही बघतात ना तुझ्याकडे? मी म्हटलं, बघायचंच तर मोठ्या अक्षरात बघा.”

“आणि फोटो? तो लायसन्सवरचा जुना फोटो आहे. मिशीसकट!”

“मिशी मी खोडायला सांगितली होती.”

खोडली होती, हे खरं. मिशीच्या जागी ओठावर एक पांढरा पट्टा होता, दूध पिऊन तोंड न पुसलेल्यासारखा.

धाकटी ऑफिसात गेली आणि टेबलावर डोकं ठेवून बसली. ताई तिथेच फलकाची घडी घालत बसली, आणि एवढ्या मोठ्या फलकाची एकट्याने घडी घालणं म्हणजे कुस्तीच असते, त्यामुळे मी दुसरं टोक धरलं. बाकावर नर्सबाई बसल्या होत्या, त्यांनीही मधलं टोक धरलं. या नर्सबाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत त्या इतक्या वेळा नापास झाल्या होत्या की परीक्षक त्यांना बघून आधीच कपाळ पुसायचा. त्यांना कशाचं काही वाटत नसे. इस्पितळात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला माणसाच्या अंगाचं अप्रूप उरत नाही.

“अगं,” घडी घालता घालता नर्सबाई धाकटीला म्हणाल्या, “तुला नेमकं हवंय तरी काय? कुणी विचारलंय का तुला?”

ताईच्या हातातली घडी सुटली. कारण कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. मी तर भिंतीला कान लावूनच भागवत होते.

धाकटीने डोकं वर केलं. कपाळावर स्टेपलरचा ठसा उमटला होता.

“मागच्या संडासाला कडी हवी,” ती म्हणाली.

आम्हाला काहीतरी मोठं अपेक्षित होतं.

“कडी नाहीये तिथे. एका पायाने दार धरून बसावं लागतं. आधी मला काही वाटायचं नाही, आता कुणी ढकललं तर... मी सकाळपासून पाणीच पीत नाही.”

“आई गं,” ताई म्हणाली. दार धरून बसण्याची तिला एवढी सवय होती की कडी नाही हे ती विसरूनच गेली होती.

“आणि दवाखान्यात जायला सोबत हवी. सोबत म्हणजे शेजारी बसायचं. बोलायचं नाही.” हे म्हणताना ती ताईकडे बघत होती. “आणि रस्त्यात कुणी भाऊ म्हणून हाक मारली, की दर वेळी मीच समजावते, ते तुम्ही कुणीतरी समजवा. मला कंटाळा येतो हो. दिवसभर क्लच सोडायला शिकवायचं आणि वर हे.”

“आणखी?” मी म्हटलं.

तिने स्टेपलर बाजूला सरकवला. मग इतकं हळू बोलली की पातळ भिंतीपलीकडून मला ते कधीच ऐकू आलं नसतं.

“मला पोहायचंय.”

ते ताईला माहीत होतं, म्हणजे माहीत असून विसरलेलं होतं. लहानपणी हे पोर दिवसभर पाण्यात असायचं, शाळेकडून स्पर्धेला जायचं, बक्षिसं आणायचं. पंधराव्या वर्षी एकदम बंद. घरच्यांना वाटलं, अभ्यास वाढला. उघड्या अंगाने मुलांच्या रांगेत उभं राहणं तिला सोसेना, हे तिने तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी कुणाला कळलं असतं? तेव्हापासून ती पाण्यात उतरली नव्हती. पोहण्याच्या तलावाच्या रस्त्याने शिकवणी न्यायची वेळ आली तरी ती काच वर करून घ्यायची. त्या पाण्याचा वास यायचा म्हणे.

“एवढंच ना?” ताई उठली.

“ताई, फलक नाही.”

“फलक नाही.”

कडीचं काम गॅरेजवाल्याने घेतलं. कडी म्हणजे बाजारात मिळते ती कडी असा आमचा समज. त्याने एका मोडीत काढलेल्या ट्रकच्या मागच्या फळीची खिट्टी आणली आणि संडासाच्या दाराला ठोकली. आतून लावली की रणगाडा आला तरी दार हलणार नाही. पहिली आत गेली ताई. बाहेर येता येईना. मग गॅरेजवाला बाहेरून ओरडून सांगतोय, “वर उचला आणि डावीकडे!” आणि ताई आतून, “माझं डावं का तुझं डावं?” शेवटी त्याने वरच्या झरोक्यातून हात घालून खिट्टी काढली. धाकटी त्या दिवशी पाण्याची अख्खी बाटली प्यायली.

दवाखान्याची गोष्ट मला नर्सबाईंनी सांगितली, कारण ताई ती सांगत नाही. दोघी धाकटीच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. ताईने ओठ दातांत धरलेले. खिडकीतल्या मुलीच्या कागदावर अजून जुनंच नाव होतं, आणि तिने ते खणखणीत आवाजात पुकारलं, पुरुषाचं, आडनावासकट. सगळ्या खुर्च्या इकडेतिकडे बघायला लागल्या. धाकटी गारठली. तिला उठवेना.

आणि ताई उठली. पर्स काखेत मारली आणि म्हणाली, “आले, आले. मीच.”

“तुम्ही?” मुलीने कागद बघितला, ताईकडे बघितलं.

“का? आईबापांनी ठेवलं, मी काय करू? मुलगा हवा होता त्यांना.” आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. आत तिने डॉक्टरांना काय सांगितलं कुणास ठाऊक, पण दोन मिनिटांत डॉक्टर स्वतः दारात आले आणि त्यांनी धाकटीला तिच्या नव्या नावाने बोलावलं. ताई बाहेर येऊन बसली. “मी एक अक्षर बोलले नाही,” ती नर्सबाईंना म्हणाली. “त्या दोघांच्या बोलण्यात, म्हणजे.”

कॉस्च्युम मी शिवला. बाजारातले बघून झाले होते; ते एकतर खांद्यात दाटायचे नाहीतर कमरेत लोंबायचे. मी तिला पडद्याआड उभी केली आणि टेप काढला. ती लाकडासारखी ताठ.

“श्वास सोड,” मी म्हटलं.

“पोट दिसतं.”

“पोट सगळ्यांचंच दिसतं. माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई माप देताना श्वास धरते, आणि मग शिवलेलं घट्ट झालं म्हणून माझ्याशी भांडते. सोड.”

तिने सोडला. थोडं पोट आलं. चांगलं होतं.

“छातीला जरा अस्तर घालाल?”

“घालते. तुझ्या ताईलाही घालते. अर्ध्या शहराला घालते. विचारतेस काय लाजून?”

ती पहिल्यांदा हसली. मग कमरेखाली मी छोटा घेर दिला, फ्रॉकसारखा. तिला तो आवडला. आता रंग. ताई गडद निळ्याचा तुकडा घेऊन आली होती. म्हणाली, सभ्य दिसतो, डाग दिसत नाहीत. धाकटीने तो बाजूला सारला.

“आयुष्यभर निळंच घातलंय,” ती म्हणाली. “पिवळा द्या.”

तिने निवडलेला पिवळा साधासुधा नव्हता. दुपारच्या उन्हात त्याच्याकडे बघितलं तर डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचायचे. ताई म्हणाली, “बुडालीस तर सापडशील तरी.”

तलावावर दुपारी बायकांची वेळ असते. ताईला आधी तिथे जाऊन भांडून यायचं होतं. कुणाशी, ते तिने ठरवलं नव्हतं. तिथे गेल्यावर कुणीतरी सापडेल असा भरवसा होता. पण धाकटी म्हणाली, मी स्वतः विचारते. मी सोबत गेले. तिकिटाच्या खिडकीत एक रुंद बाई, गळ्यात शिट्टी, शेंगा फोडत बसलेली.

धाकटीने सरळच सांगितलं. मी अशी अशी आहे, बायकांच्या वेळेत पोहायला यायचंय, चालेल का?

शिट्टीवाल्या बाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. “टोपी आहे?”

“काय?”

“केसांची टोपी. टोपीशिवाय पाण्यात नाही. जाळीत केस अडकतात, मग मलाच काढावे लागतात.”

“आणेन. पण... बाकी?”

“बाकी काय? आधी अंघोळ करायची. अंगाला तेल लावून यायचं नाही.” तिने एक शेंग फोडली. “कपडे बदलायला दाराच्या खोल्या कमी आहेत, उरलेल्यांना पडदे. दार हवं असेल तर लवकर या.”

“आणि कुणी तक्रार केली तर?”

“तक्रार रोज येते. पाणी गार आहे. पाणी गरम आहे. ती बाई पाय फार मारते. मी ऐकून घेते.” तिने शेंगेची टरफलं मुठीत गोळा केली. “ऐकून घ्यायचा मला पगार आहे.”

टोप्या आणल्यावर एका दुपारी आम्ही चौघी गेलो, ताई, धाकटी, नर्सबाई आणि मी. गॅरेजवाल्याने गाडीने सोडलं. त्याला आत यायला मिळणार नव्हतं याचं त्याला वाईट वाटत होतं. “मला काय, पिवळं दिसेल भिंतीवरून,” तो म्हणाला. आम्ही लवकर पोचलो होतो, म्हणून धाकटीला दाराची खोली मिळाली. पण ती बाहेर येईना. ताईने दार वाजवलं. आतून, “येते.” परत वाजवलं. “येते म्हटलं ना!” तोवर ताई स्वतः तयार होऊन आली. तिने आपल्या मापाचा गडद निळा करवून घेतला होता माझ्याकडून, गुडघ्यापर्यंत बाह्या... म्हणजे पायांना बाह्या असतात तशा. डोक्यावर टोपी इतकी घट्ट की भुवया आश्चर्याने वर गेलेल्या. दार उघडून धाकटीने तिला बघितलं आणि तिला हसू आवरेना. हसता हसताच ती बाहेर आली, म्हणून तिला घाबरायला वेळ मिळाला नाही.

पाण्यात सात-आठ बायका होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली एक उंच बाई काठावर पाय सोडून बसली होती. तिने आधी डोळे बारीक केले, मग चष्मा लावला.

“ही बायकांची वेळ आहे ना?” तिने मोठ्यांदा विचारलं, कुणालाच न विचारल्यासारखं.

“हो,” नर्सबाई म्हणाल्या. “म्हणून आलोय.”

“मग हे काय आणलंत बरोबर?”

ताईच्या गळ्याची शीर फुगलेली मला दिसली. धाकटीने तिच्या दंडाला हात लावला, गप्प राहा म्हणून. ताई गप्प राहिली असती, पण भांडायला म्हणून तिने अर्धं वळण आधीच घेतलं होतं, फरशी ओली होती, आणि ताई, पर्सशिवाय, चपलेशिवाय, अख्खी पाण्यात गेली.

मग जी काय बोंब उठली! ताईला पोहता येत नाही. हात मारतेय, पाय मारतेय, “मेले, मेले, मला धरा, घराची किल्ली नर्सबाईंकडे आहे!” पाणी चहूकडे उडतंय. एक म्हातारी घाबरून जिन्यावर चढली. शिट्टीवाली बाई खिडकीतून पळत आली. धाकटी काठावर वाकली.

“ताई,” ती म्हणाली, “उभी राहा.”

“मी बुडतेय!”

“ताई. उभी राहा.”

ताई उभी राहिली. पाणी कमरेला होतं.

मग जिन्यावरच्या म्हातारीने खिंकाळून हसायला सुरुवात केली आणि सगळ्यांनाच हसू सुटलं. ताईने टोपी सारखी केली आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, “पाणी चांगलं आहे.”

चष्मेवाल्या बाईला हसू आलं नाही. ती उठून शिट्टीवाल्या बाईकडे गेली, आणि तिचं बोलणं आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. ऐकू यावं म्हणूनच ती बोलत होती. असले लोक, आमची सुरक्षितता, आम्ही कुठे जायचं. त्यात धाकटीकडे बघून तिने जो शब्द वापरला तो मी इथे लिहीत नाही. शिट्टीवाली बाई सगळं ऐकून घेत होती, पगार असल्यामुळे.

“झालं?” ती शेवटी म्हणाली. “त्या बाई आहेत, बायकांच्या वेळेला आल्यात, टोपी घातलीय. तुम्ही मात्र रोज टोपी विसरता. तुम्हाला सकाळची सगळ्यांची वेळ चालेल का बघा.”

बाई गेली. तिची मैत्रीण तिच्यामागे दारापर्यंत गेली, पाण्याकडे बघितलं, आणि “मी आता भिजलेच आहे तर...” म्हणत परत आली. चपला फटाफट वाजत बाहेर गेल्या. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. धाकटीचा चेहरा उतरला होता. ती काठावर बसली, गुडघे जवळ घेऊन, आणि पिवळा घेर तिने हातांनी खाली ओढून धरला. मला वाटलं, आता घरी जाऊया म्हणेल.

नर्सबाई तिच्या शेजारी बसल्या. कुणी काही बोललं नाही. ताईसुद्धा.

मग धाकटीने पाय पाण्यात सोडले. मग कमरेपर्यंत. मग ती पाण्याखाली गेली आणि काही क्षण नुसता पिवळा रंग तळाशी हलताना दिसला. वर आली ती पार मध्यावर. हात एकामागून एक पडायला लागले, लांब, सावकाश, आवाज न करता. मी इतकी वर्षं तिला गाडीच्या सीटवर खांदे आवळून बसलेली पाहिली होती. ते खांदे एवढे मोकळे असतात हे मला माप घेतानाही कळलं नव्हतं. पाण्यातल्या बायका आपापल्या जागी थांबून बघत होत्या. म्हातारी म्हणाली, “अगं बाई, ही तर मासोळीच आहे.”

पलीकडच्या काठाला पोचल्यावर ती तिथेच थांबली. आमच्याकडे पाठ, दोन्ही हात काठावर, डोकं हातांवर.

“दमली का?” ताई कुजबुजली.

“रडतेय,” मी म्हटलं.

“मी जाऊ?”

“तू कशी जाशील? तिकडे खोल आहे.”

ताईने खोलीचा अंदाज घेतला, मग काठाचा बार धरला, आणि हात सरकवत, एकेक पाऊल चाचपत, पाय टेकेनासे झाले तरी बार न सोडता, खेकड्यासारखी आडवी आडवी निघाली. सगळा तलाव वळसा घालून. जाताना ती प्रत्येक बाईला “जरा सरका, जरा सरका” म्हणत होती. पोचली तेव्हा तिची बोटं पांढरी पडली होती. दोघी तिथे काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही; मध्ये भिंत नव्हती, पण पाणी होतं. एवढं दिसलं की धाकटीने ताईची टोपी डोळ्यांवरून वर केली.

पुढचं थोडक्यात. चष्मेवाली बाई महिन्याभराने परत आली. सकाळी पुरुष फार पाणी उडवतात म्हणे. ती आमच्याशी बोलत नाही, शेवटच्या पट्ट्यात पोहते आणि आम्हाला अक्षरशः पाण्यात पाहते. असू दे. समोरचा बूटवाला अजून खुणा करतो, पण त्याची बायको गुपचूप स्कूलमध्ये नाव घालून गेली आहे. धाकटी आता दुपारी जिन्यावरच्या म्हातारीला आणि आणखी तिघींना पोहायला शिकवते. शिट्टीवाल्या बाईनेच गळ घातली. म्हणाली, तुमच्यासारखी न ओरडणारी मला दुसरी सापडत नाही. धाकटीच्या वाढदिवसाला त्या सगळ्यांनी मिळून तलावाच्या काठावर केक कापला, आणि ‘तो’, ‘भाऊ’ वगैरे काही न बोलता गॅरेजवाल्याने भिंतीपलीकडून हॉर्न वाजवून शुभेच्छा दिल्या, चांगली पाच मिनिटं, शेजारपाजारचे शिव्या घालेपर्यंत.

आज सकाळचीच गोष्ट. मी मशीनवर बसले होते आणि पलीकडे दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं. विषय असा की नवीन शिकाऊ बाईला वळणावर गाडी लागते, ती पिशवी घेऊनच बसते, आणि तिला आज कोणी न्यायचं, कारण हल्ली ताईही शिकवते.

“काल मी नेली,” धाकटी म्हणत होती.

“तू लहान आहेस.”

“म्हणून काय जन्मभर ओकाऱ्या माझ्याच वाट्याला?”

“बहिणी बहिणींनी वाटून घ्यायचं असतं.”

“मग घे की तू! मला दुपारी तलावावर जायचंय.”

“मलाही जायचंय. मला आज पाठीवर तरंगायला शिकवणार होतीस.”

मग दोघींनी एकदमच भिंतीवर थाप मारली आणि मला हाक दिली, की आज तिला मीच न्यावं. माझं लायसन्स अजून यायचं आहे, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.